रेला गीते

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील गोंड व माडिया समाजांची नृत्यगीते. भाषा गोंडी किंवा माडिया; दोन्ही द्रविड कुळातल्या. लग्नात, पंडुमात (सणात) आणि गोटुलाच्या (गावातील तरुणांच्या सामूहिक घराच्या) अंगणात ती रात्र रात्र चालतात. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत ही परंपरा विशेष जिवंत आहे.

मुलींची एक रांग, मुलांची दुसरी. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. काही ओळी पिढीजात, काही समोरच्याला पाहून तिथेच जुळवलेल्या.

यातील प्रेमगीतांचा अर्थ सुट्या ओळीत सापडत नाही, तो सवाल-जवाबात असतो. मुलांनी डिवचावे, मुलींनी तोडीस तोड उत्तर द्यावे. विरहिणीच्या आर्जवाला सरावलेल्या मराठी कानाला हे उत्तर झिडकारल्यासारखे वाटते. पण उत्तर देणे म्हणजेच दखल घेणे. प्रेम आहे, लाचारी नाही. मुलींच्या या मानाला समाजरीतीचा आधार आहे. लग्नात देज (वधूमूल्य) वरपक्ष देतो, विधवेचा पुनर्विवाह मान्य आहे, आणि मुलगी आपणहून मुलाच्या घरी येऊन राहिली तरी ते लग्न ठरू शकते. मर्यादाही पक्क्या आहेत. चार, पाच, सहा, सात अशा देवसंख्येवर कुळे विभागलेली असून समान देवांच्या कुळांत सोयरीक होत नाही. त्यामुळे कोणी कोणाला गाण्यातून छेडावे, हे नात्यावर ठरते. मामे-आतेभावंडांना सर्वाधिक मोकळीक.

मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचा १९४७ चा गाजलेला ग्रंथ बस्तरच्या मुरियांच्या घोटुलाविषयी आहे, जिथे मुलगे-मुली एकत्र झोपत. तो गडचिरोलीला जसाच्या तसा लावणे चूक आणि इथल्या मुलींवर अन्यायाचेही आहे. माडियांच्या रीतीत गोटुलात मुलगे झोपतात; मुली नाचून-गाऊन घरी परततात. गोटूल ही गावसभेचीही जागा असते.

अलीकडे स्नेहसंमेलनांत आणि स्पर्धांत रेला काही मिनिटांत बसवतात. पोशाख आणि ठेका उरतो. समोरच्या रांगेला सुचलेले उत्तर मात्र वेळेत मावत नाही. म्हणून या गीतांचे जतन ध्वनिमुद्रणापेक्षा गोटूल टिकण्यावर अधिक अवलंबून आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने जंगलातले सागवान आणून गोटूल उभारले, तेव्हा वन विभागाने ते पाडले. गावाने ते पुन्हा बांधले आणि आसपासच्या गावांनीही आपापली गोटुले उभी केली. याच मेंढ्याला पुढे २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.