पिस्तुल्या (लघुपट)

पिस्तुल्या : शाळेची ओढ लागलेल्या पारधी मुलावरचा मराठी लघुपट. लेखन-दिग्दर्शन नागराज मंजुळे. लांबी पाव तासाच्या आसपास. २०१० सालच्या चित्रपटांसाठीच्या ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. पिस्तुल्याची भूमिका करणाऱ्या सूरज पवारचाही बालकलाकार म्हणून गौरव झाला.

मंजुळे मूळचे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. दगडकामावर जगणाऱ्या वडार समाजात त्यांचा जन्म झाला. पुण्यात मराठी विषय घेऊन एम.ए. केल्यावर त्यांनी अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेतले. ‘पिस्तुल्या’ त्याच काळातला. पुढे सूरज मंजुळ्यांच्याच ‘फँड्री’ चित्रपटात नायक जब्याचा मित्र पिऱ्या झाला आणि ‘सैराट’मध्ये नायिका आर्चीचा भाऊ प्रिन्स. अभिनयाचे शिक्षण नसलेली गावाकडची पोरे कॅमेऱ्यासमोर उभी करण्याची मंजुळ्यांची रीत या लघुपटापासूनच दिसते.

कथा थोडक्यात सांगता येते. पिस्तुल्याला शाळेत जायचे आहे. घरचे दारिद्र्य आणि पारध्याच्या पोराकडे बघण्याची गावाची नजर त्याला तिथे पोचू देत नाही. मुलगा हुशार असूनही परिस्थितीने गांजलेला, एवढ्यावरच लघुपट थांबला असता तर तो चारचौघांसारखा झाला असता. त्याचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. दप्तर हाती येण्याच्या आधीच या मुलाच्या कपाळी चोराचा शिक्का बसलेला असतो, आणि तो त्याने स्वतः काही करून मिळवलेला नसतो.

हा शिक्का कायद्याने मारला होता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९११च्या कायद्याने ही तरतूद मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता आली. नोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट हे सगळे त्यातूनच आले. १८९७च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला दिली. चार वर्षांचे पोर म्हणजे अजून आईच्या पदराला धरून चालणारे. ऑस्ट्रेलियातही विसाव्या शतकात कितीतरी दशके आदिवासी मुले सरकारी हुकुमाने घरातून उचलून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. तिथे १९९७ साली चौकशीचा अहवाल आला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. वॉरिक थॉर्नटन यांच्यासारख्या आदिवासी दिग्दर्शकांनी तिथले बालपण लघुपटांतून मांडले. आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस ‘विमुक्त दिन’ मानतात. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारधी वस्तीवर जाण्याची सवय तशीच राहिली.

पोटापाण्याचे साधनही याच काळात गेले. फासेपारधी बारीक फासे बांबूच्या खुंट्यांना बांधून जमिनीत ओळीने रोवतात आणि तितराची हुबेहूब साद घालून पाखरू त्यावर आणतात. कुठल्या झुडपात लाव बसते, कोणत्या वाटेने ससा निघतो, हे तिथले आठ वर्षांचे पोर सांगते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार गुन्हा ठरली. कायद्याची गरज मान्य करूनही एवढे म्हटलेच पाहिजे की पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगलेल्यांना त्याच्या बदल्यात ना जमीन मिळाली ना धंदा. वऱ्हाडातल्या टाकणकारांचे काम दुसऱ्या वाटेने गेले : जात्याला टाकी लावणे हा त्यांचा व्यवसाय, आणि गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्यावर जात्यांनाच कुणी विचारीना.

वऱ्हाडात पारधी आणि टाकणकार दोन्ही नावे लोकांच्या ओळखीची आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, फासेपारधी, टाकणकार एकाच नोंदीखाली येतात. राजपारधी मात्र विमुक्त जातींत. सवलती कागदावर आहेत, पण जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा पालावर जन्मले आणि दर हंगामाला गाव बदलत राहिले, त्यांनी तो आणायचा कुठून? शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून, म्हणजे ‘पिस्तुल्या’च्याच सुमारास, लागू झाला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वर्गात शेजारी कोण बसणार आणि वस्तू हरवली की बोट कुणाकडे वळणार, हे मात्र कायद्याने ठरत नाही. लघुपट ज्या वळणावर बोट ठेवतो ते हेच.

पारधी मुलांच्या शिक्षणाचे काम समाजातून आणि समाजाबाहेरूनही उभे राहिले. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी वसतिगृह व शाळा सुरू झाली; प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे स्वतः फासेपारधी असलेले शिक्षक मतीन भोसले यांनी ‘प्रश्नचिन्ह’ ही निवासी शाळा काढली. स्थानकांवर, सिग्नलवर भीक मागणारी मुले त्यांनी तिथे आणली आणि शाळा चालवायला लोकांकडे हात पसरला. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत याच शाळेच्या काही इमारती आल्या, तेव्हा मुलांना आपली शाळा राखण्यासाठी आंदोलनात उतरावे लागले.