पहिली स्टंट-मोटरसायकल : निवड, जपणूक आणि कायद्याची चौकट

सन २००४ मध्ये ‘धूम’ हा हिंदी चित्रपट झळकला आणि त्यातील तेराशे सीसीच्या सुझुकी हायाबुसाने एका पिढीला वेड लावले. त्याआधीच, २००१ साली, बजाजची ‘पल्सर’ बाजारात आली होती आणि शंभर सीसीच्या पलीकडची मोटरसायकल मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यात आली होती. पडद्यावर पाहिलेली कसरत दारातल्या गाडीवर करून पाहण्याचा मोह तेव्हापासून बळावला. पुढचे चाक उचलून चालणारी ‘व्हीली’, पुढचा ब्रेक दाबून मागचे चाक उचलणारी ‘स्टॉपी’, जागच्या जागी चाक फिरवणारा ‘बर्नआऊट’ हे शब्द आज महाविद्यालयीन मुलांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. या छंदाला शिस्तबद्ध खेळाचे रूप द्यायचे असेल, तर पहिली गाडी कोणती घ्यावी, ती कशी जपावी आणि कायदा काय सांगतो, याची माहिती नवशिक्याला आणि त्याच्या पालकांनाही असणे आवश्यक आहे.

रस्त्याची गाडी वेगळी, सरावाची वेगळी

सर्वांत आधी एक निर्णय घ्यावा लागतो. कॉलेजला किंवा कामावर जाण्याची गाडी आणि स्टंटच्या सरावाची गाडी एकच असू नये. सरावाची गाडी पडणार, हे गृहीतच धरलेले असते. तिचे हँडल वाकते, लिव्हर तुटतात, चेनवर आणि क्लचवर अतोनात ताण येतो. अशी गाडी दुसऱ्या दिवशी वाहतुकीत नेणे म्हणजे आपल्यासह इतरांचाही जीव धोक्यात घालणे होय. शिवाय सरावासाठी केलेले बहुतेक बदल रस्त्यावर बेकायदा ठरतात. म्हणून जुनी, स्वस्त, कर्ज नसलेली दुसरी गाडी घ्यावी आणि ती सरावाच्या जागी टेम्पोतून न्यावी. हा खर्च परवडत नसेल, तर तो परवडेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

इंजिन केवढे असावे?

अमेरिका-युरोपात स्टंटसाठी होंडा सीबीआर ६०० एफ-फोर-आय किंवा कावासाकी झेडएक्स-सिक्स-आर ६३६ या सहाशे सीसी वर्गातील गाड्या लोकप्रिय ठरल्या. ते पाहून आपल्याकडचा नवशिका मोठ्या गाडीकडे ओढला जातो. मात्र या गाड्यांची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास वा त्याहून अधिक असते. मनगट किंचित जास्त वळले, तर स्वाराला विचार करायलाही वेळ मिळत नाही. शिवाय एका पडण्यात मोडणाऱ्या सुट्या भागांची किंमत जुन्या भारतीय गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते.

नवशिक्यासाठी १५० ते २०० सीसीची, दीडशे किलोच्या आसपासची गाडी पुरेशी आहे. पल्सर, टीव्हीएस अपाचे आरटीआर आणि २०१२ पासून चाकणच्या कारखान्यात बनणारी केटीएम २०० ड्यूक ही यातील परिचित नावे. पल्सर-अपाचेचे सुटे भाग बहुतेक प्रत्येक पेठेत, तालुक्याच्या गावीही मिळतात आणि कोणताही मेकॅनिक त्या खोलू शकतो. ड्यूक वजनाच्या मानाने ताकदवान असल्याने पुढचे चाक सहज उचलते. नेमका हाच तिचा गुण आणि हाच नवशिक्यासाठी धोकाही. तिचे भाग महाग आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

यामाहा आर-१५ किंवा केटीएम आरसी २०० यांसारख्या पूर्ण आवरणाच्या स्पोर्ट गाड्या दिसायला देखण्या असतात. पण त्यांची बुटकी हँडले स्वाराला पुढे झुकवतात आणि हळू वेगात तोल सांभाळणे कठीण करतात. पहिल्याच पडण्यात प्लॅस्टिकचे आवरण फुटते. अशीच गाडी हवी असेल, तर आवरण काढून ठेवावे आणि सरळ, रुंद हँडल बसवून घ्यावे. मागील चाकाला डिस्क ब्रेक असणे मात्र कोणत्याही गाडीत महत्त्वाचे. व्हीलीत गाडी मागे कलंडू लागली की तिला पुन्हा जमिनीवर आणणारा मागचा ब्रेकच असतो. त्यामुळे उजवा पाय ब्रेकवरून कधीही न हलवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. रस्त्यावर ही यंत्रणा जीव वाचवते. दोन्ही चाकांना एबीएस असलेल्या गाडीत स्टंटच्या वेळी मागच्या ब्रेकवरील नियंत्रण मात्र बदलते. हेही सरावाची गाडी वेगळी ठेवण्याचे एक कारण आहे.

जुनी गाडी घेताना

आरसी बुकातील चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. बँकेचा बोजा उतरल्याचे ना-हरकत पत्र पाहावे आणि मालकी हस्तांतर आरटीओत तातडीने करून घ्यावे. नाव न बदलता घेतलेली गाडी पुढे कोणत्या प्रकरणात सापडेल, याचा नेम नसतो.

यांत्रिक तपासणीत रंगापेक्षा सांगाड्याकडे लक्ष द्यावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते जिथे अडते त्या जागी ठेचा किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का, पुढचे शॉकअप सरळ आहेत का, त्यांच्या सीलमधून तेल झिरपते का, हे पाहावे. चाक उचलून फिरवले असता रिम डोलू नये. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपला आहे असे समजावे. टाकीवरचा पोचा किंवा ओरखडे यांची फिकीर करू नये, उलट त्यावरून किंमत कमी करून घ्यावी.

गाडीचे संरक्षण

पहिला खर्च संरक्षक पिंजऱ्यावर करावा. जाड पोलादी नळीचा हा पिंजरा इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असतो. तो सांगाड्यावरील भक्कम बोल्टवर बसवावा. केवळ इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कव्हरवर आधारलेला पिंजरा पडताना कव्हरच फोडतो आणि दुरुस्ती हजारोंत जाते. बाजारातील नेहमीचा पातळ क्रॅशगार्ड येथे उपयोगाचा नाही. पिंजऱ्याच्या टोकांना नायलॉनचे स्लायडर, हँडलच्या टोकांना वजनदार बारएंड आणि रेडिएटर असल्यास त्यापुढे जाळी लावावी. मागच्या बाजूस एक आडवी नळी बसवतात. गाडी पूर्ण उभी झाली तर हीच नळी जमिनीला टेकते आणि गाडी उलटी पडण्याचा धोका कमी होतो.

दुसरा बदल चेन-स्प्रॉकेटचा. समजा पुढे १४ आणि मागे ४२ दात आहेत. हे गुणोत्तर ३ झाले. मागे ५६ दातांचे स्प्रॉकेट बसवले तर ते ४ होते, म्हणजे इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना गाडीचा वेग एक-चतुर्थांशाने घटतो आणि चाकावरील जोर तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. कमी वेगात, झटका न देता पुढचे चाक उचलता येते आणि पडलो तरी कमी वेगात पडतो. चेन अर्थातच लांब घ्यावी लागते.

तिसरी बाब तेलाची. लांब व्हीलीत इंजिनातील तेल मागे सरकते आणि तेलपंपाचे तोंड कोरडे पडू शकते. तेलाची पातळी प्रत्येक सरावाआधी तपासावी, तेल नेहमीपेक्षा लवकर बदलावे आणि सुरुवातीला चाक काही क्षणच उचलावे. गाडी पडली की सर्वप्रथम इंजिन बंद करावे. आडव्या पडलेल्या, चालू इंजिनाला तेल मिळतेच असे नाही. मनगटाला दोरीने जोडलेले बंदचे बटण बसवणे सर्वांत उत्तम, कारण स्वार गाडीपासून दूर फेकला गेला की इंजिन आपोआप थांबते. हळू वेगातील सरावात इंजिनाला वारा कमी मिळतो, म्हणून दर काही मिनिटांनी गाडी थंड होऊ द्यावी. प्रत्येक पडण्यानंतर ॲक्सिलरेटर मोकळा परततो का, ब्रेक लागतात का, चाकाचे आणि हँडलचे बोल्ट घट्ट आहेत का, हे पाहिल्याशिवाय पुन्हा बसू नये.

स्वाराचे संरक्षण

आयएसआय चिन्ह असलेले, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट अनिवार्य समजावे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी बदलावे. हातमोजे, घोटे झाकणारे बूट, गुडघे-कोपर-नडगीची कवचे आणि पाठीचे कवच ही यादी लांबलचक वाटते. परंतु स्टंटमध्ये बहुतेक वेळा पडणे मागे किंवा बाजूला असते आणि मनगट, घोटा, माकडहाड यांनाच पहिला मार बसतो. एकट्याने सराव कधीही करू नये. जवळ प्रथमोपचार पेटी, अग्निशामक नळकांडे आणि रुग्णालयात नेऊ शकेल असा माणूस व वाहन असावे.

कायदा काय सांगतो?

सार्वजनिक रस्त्यावर स्टंट करणे हा गुन्हा आहे. मोटर वाहन कायदा, १९८८ मधील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ नुसार धोकादायक वाहन चालवल्यास पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विनापरवाना शर्यतीसाठी कलम १८९ आहे. गाडीत नियमबाह्य बदल केल्यास मालकाला कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. याखेरीज १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ बेदरकार वाहन चालवण्याला लागू होते.

पालकांनी कलम १९९-अ विशेष लक्षपूर्वक वाचावे. अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. विम्याचेही तसेच. सर्वसाधारण दुचाकी विमा संघटित शर्यती आणि वेगचाचण्यांतील नुकसान वगळतो.

म्हणून सराव खासगी, बंदिस्त, सपाट डांबरी वा काँक्रीटच्या जागेवर, मालकाची लेखी परवानगी घेऊन करावा. बघ्यांना दूर ठेवावे.

खर्चाचा क्रम

आधी स्वाराची सुरक्षासाधने, मग जागा, मग गाडी, त्यानंतर पिंजरा आणि शेवटी स्प्रॉकेट, असा क्रम ठेवावा. बहुतेक नवशिके तो नेमका उलटा लावतात आणि हेल्मेटसाठी पैसे उरत नाहीत. पहिले काही आठवडे दोन्ही चाके जमिनीवर ठेवून, चालण्याच्या वेगात आठच्या आकड्यात गाडी फिरवण्याचा सराव करावा. क्लच, ॲक्सिलरेटर आणि मागचा ब्रेक यांचा मेळ ज्याला येथे जमला, त्यानेच पुढचे चाक उचलण्याचा विचार करावा.