भांडे आणि पात्रता

मराठी कोशात 'भांडे' या शब्दाचा अर्थ सरळ दिलेला असतो : पदार्थ ठेवण्याचे, शिजविण्याचे वा पाणी भरण्याचे साधन. 'भांडीकुंडी' म्हटले की स्वयंपाकघरातील सारी चीजवस्तू डोळ्यांपुढे येते. कोशातल्या या शब्दाला जात नाही. माझ्या आईच्या तोंडी मात्र तो असा कोरा नव्हता. 'भांडं घेऊन जा' असे ती सांगे, तेव्हा कोणाच्या दारी, कोणते भांडे, किती अंतरावर ठेवायचे, हे सारे त्या तीन शब्दांत आलेले असे. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे आले, याचा विचार आपण केला पाहिजे.

'भांडे' हा शब्द संस्कृत 'भाण्ड' यावरून आला. भाण्ड म्हणजे जसे पात्र, तसाच व्यापाराचा मालही. 'भांडार' आणि 'भांडवल' हे संपत्तीचे शब्द त्याच कुळातले. परंतु मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात (श्लोक ५१-५२) चांडाळ आणि श्वपच यांच्या संदर्भात हाच शब्द येतो, तो 'फुटके' या विशेषणासह. त्यांनी गावाबाहेर राहावे, मृतांची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे, असा तो दंडक आहे. त्यांना तेथे 'अपपात्र' म्हटले आहे. म्हणजे ज्यांनी वापरलेले भांडे इतरांनी पुन्हा वापरायचे नाही असे लोक. मराठीत 'पात्र' म्हणजे भांडे आणि 'पात्र' म्हणजे लायकही. लायकीचा अर्थ या श्लोकातून निघाला असे मी म्हणत नाही. पण नोकरीच्या अर्जातील 'पात्रता' हा रकाना भरताना मला तो 'अपपात्र' आठवल्यावाचून राहिला नाही.

शुद्धाशुद्धतेच्या नियमात माती आणि धातू यांतही भेद होता. मातीचे मडके विटाळले की फोडायचे. तांब्यापितळेचे भांडे राखेने, चिंचेने घासून वा विस्तवात धरून पुन्हा शुद्ध व्हायचे. ते टिकाऊ धन होते. अडल्यावेळी गहाण पडे, लेकीच्या लग्नात दिले जाई. आमच्या वाट्याला गाडगी, मडकी, परळ आणि खापर. हे केवळ दारिद्र्यामुळे झाले असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झाणू गावची हकीकत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तेथील सुस्थितीतल्या अस्पृश्य कुटुंबांतील स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांना मारहाण केली. पैसा होता, भांडेही होते; ते डोक्यावर घेण्याचा अधिकार नव्हता. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागे, हेही त्यांनी त्याच ग्रंथात नोंदविले आहे.

'ताकाला जाऊन भांडे लपविणे' ही म्हण शाळेत सर्वांनाच शिकवितात. मागायचे तर संकोच कशाला, असा तिचा बोध. ही म्हण ज्यांनी घडविली त्यांना भांडे लपविण्याची तरी मुभा होती. आमच्या बायांना ते जमिनीवर उघडे ठेवून मागे सरकावे लागे आणि वरून ताक ओतले जाई. भांडेच जात सांगत होते. ते लपविणार कोठे?

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न कायद्यात आला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने सार्वजनिक उपाहारगृहे, धर्मशाळा इत्यादी ठिकाणी सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरविला. १९७६ पासून हाच कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. कायद्याला भांड्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यातच सारे आले. पण घराच्या उंबऱ्याआड ही कलमे पोचत नाहीत. गुजरातेत सवर्ण घरांतून दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबशीला 'रामपात्र' म्हणत आले आहेत. विटाळालाही देवाचे नाव! आणि आपल्या शहरांत? 'धुणीभांडी' हा आता एका कामाचा शब्द झाला आहे. माझ्या वस्तीतल्या बाया सांगतात, सगळ्या घराची भांडी आम्ही घासतो, पण चहा मिळतो तो कान तुटलेल्या कपात. त्या हातांनी घासलेले ताट चालते. त्या ओठांना लागलेला कप चालत नाही. येथे स्वच्छतेचा प्रश्नच नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळीने पाणी प्याले. तोवर ओंजळ आमच्यासाठी लाचारीची होती : वाकून ती पुढे धरायची, वरून कोणी पाणी टाकायचे. महाडला ती प्रथमच वरून पडणाऱ्या धारेखाली न धरता पाण्यात घातली गेली. आमची पात्रता तेथे आम्हीच ठरविली. कान तुटलेला कप नाकारणारी मोलकरीण त्याच लढ्यात आहे. एकटीने तो नाकारला तर तिचे काम जाते. म्हणून तिच्या पाठीशी संघटना उभी करणे हे आपले, कार्यकर्त्यांचे आणि शिक्षकांचे, काम आहे.