माळावरची झोपडी

घरात उंदीर पडू लागले की दाराला कडी घालायची, दाणागोटा, गुरंढोरं घेऊन गाव सोडायचं आणि माळावर झोपडी ठोकायची. प्लेगच्या काळात गावोगाव हेच चाले. सरकारी उपाय वेगळे. १८९६च्या अखेरीस मुंबईची साथ पुण्यात शिरली, तेव्हा चुना, कार्बोलिक, उकरलेल्या जमिनी यांवर मोठा भर होता. रोग जणू भिंतीतच मुरलेला. उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. झोपडीला त्याची वाट पाहावी लागली नाही. माणूस उठून गेला की उंदीर मागे राहत, त्यांच्या पिसवाही.

मात्र झोपडीत कोण नेतं, यावर सगळं होतं. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला आणि मार्चात प्लेग अधिकारी रँडचे गोरे शिपाई पुण्यात घरोघर शिरले. रोगी इस्पितळात, घरचे सेग्रिगेशन कॅम्पात. लोक आजारी माणूस लपवू लागले, यात नवल काय? त्याच सुमारास सावित्रीबाई फुले मुंढव्याचा एक आजारी मुलगा ससाणे माळावर, दत्तकपुत्र डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तोही गावाबाहेरचा माळच, पण तिथे पोराला शिपाई नव्हे, माय नेत होती. संसर्ग होऊन १० मार्चला त्या वारल्या.

शाळेचीही झोपडी झाली. धोंडो केशव कर्व्यांचा विधवांसाठीचा अनाथ बालिकाश्रम प्लेगमुळे शहराबाहेर हलला. रावबहादूर गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले. १९००मध्ये तिथे झोपडी उभी राहिली. कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवून पायी हिंगण्याला जात. साथ टाळण्यासाठी घेतलेलं अंतर विधवा मुलींना पेठांतल्या कुजबुजीपासूनही लांब ठेवणारं ठरलं, असं मला वाटतं.

मार्च २०२०मध्ये कोविडची साथ आली, तेव्हा महाराष्ट्राने तोच १८९७चा कायदा बाहेर काढला. या वेळी उलट झालं: शाळेची झोपडी नव्हे, शाळांचंच विलगीकरण केंद्र. शहरातून परतलेल्यांना ठिकठिकाणी जिल्हा परिषदेच्या वर्गात ठेवलं गेलं. ज्याचं शेत होतं, तो शेतात राहायला गेला. नगर रस्त्यावरच्या सणसवाडीसारख्या कारखान्यांच्या गावात भाड्याच्या खोलीत दाटीने राहणाऱ्या परगावच्या कामगाराला मात्र हा जुना उपाय उपलब्धच नव्हता. माळावर कारखाने उभे होते, आणि त्याचं स्वतःचं शेत शेकडो किलोमीटर लांब.