पूर्वरूप कोणते?

सिविक सेंटरच्या बाजारातून संध्याकाळी परतताना कचेरीतील एका स्नेह्याने सहज प्रश्न टाकला. परदेशातील काही हौशी संग्राहक इशापूरच्या जुन्या .४१० मस्केटी मिळवून त्यांना पुन्हा मूळच्या .३०३ रायफलीचे रूप देतात, असे त्याच्या वाचनात आले होते. "बिघडवलेली वस्तू पूर्ववत करणे चांगलेच नव्हे का?" असे त्याचे म्हणणे. मला उत्तर चटकन सुचले नाही.

ब्रिटिश सैन्याने १९०७ साली स्वीकारलेली ली-एनफिल्ड मार्क ३ ही रायफल बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही तयार होत असे. तिच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत दूरवर नेमकी जाते. खालच्या पेटीत १० काडतुसे मावतात. पुढे पोलीस व पहारेकरी यांच्यासाठी यांतील अनेक रायफली मुद्दाम बदलण्यात आल्या. नळी आतून खरवडून गुळगुळीत केली गेली, पेटीच्या जागी लाकडी ठोकळा आला आणि एका वेळी एकच काडतूस भरता येऊ लागले. हे काडतूस .३०३ च्याच पितळी कवचाचे, पण मान न आवळलेले; पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही ते बनत असे. हत्यार पळवले गेले, तरी पळवणाऱ्याच्या हाती फारसे बळ लागू नये, हा त्यामागील हेतू.

या युक्तीचे मूळ शोधू गेल्यास १८५७ पर्यंत मागे जावे लागते. ज्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून ठिणगी पडली, तिचाच खाचा नसलेला प्रकार १८५८ नंतर हिंदी शिपायांना देण्यात आला. दिसण्यात तीच बंदूक. पल्ला व अचूकता मात्र काढून घेतलेली. पुढे गोऱ्या सैनिकाला मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर आली. गोऱ्याला ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हा याच्याकडे मार्टिनी आली. शिपाई हवा होता, पण त्याच्यावर विश्वास नव्हता.

हा अविश्वास कशातून आला, ते पाहण्यास आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन छत्तीसगड कंपनीच्या हाती गेले. १८ जानेवारी १८५८ रोजी रायपूरच्या छावणीत हनुमानसिंह याने सार्जंट मेजर सिडवेल यास ठार केले. हनुमानसिंह निसटला, त्याच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारीस फाशी देण्यात आले. बंदुकीच्या नळीतील खाचा नाहीशा करणाऱ्या धोरणामागे अशाच प्रसंगांची धास्ती होती.

आता स्नेह्याच्या प्रश्नाकडे वळू. एखाद्या शिकाऱ्याने हौसेपोटी जुन्या लष्करी रायफलीचा दस्ता कापला असेल, तर तो पुन्हा जोडण्यास माझी हरकत नाही; तेथे पुसली जाते ती एका माणसाची लहर. मस्केटीची गोष्ट निराळी. येथील बदल हा राज्यकर्त्यांनी घेतलेल्या निर्णयाचा पुरावा आहे. शिवाय खरवडलेले पोलाद नळीत परत भरता येत नाही. भिलाईत राहणाऱ्यांस हे सांगावयास नको. पोलाद वितळवून नवे करता येते, पण गेलेला थर आपल्या जागी परतत नाही. म्हणून 'पूर्ववत' झालेल्या रायफलीस नळी दुसरीची आणि पेटी तिसरीची असते. दिसावयास ती १९०७ च्या नमुन्याची. पण तिच्यापाशी स्वतःचे आयुष्य उरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्नेह्याला आमच्या कचेरीतील रीतीची आठवण दिली. सेवापुस्तकातील चुकीची नोंद आपण खरवडून काढीत नाही. तिच्यावर आडवी रेघ मारून सही करतो, म्हणजे खालचे अक्षर वाचता येते. तो हसला व म्हणाला, "मग त्या ठोकळ्यालाही हात लावू नये म्हणा की!"

मी म्हटले, "संग्रहालयात तरी नको. पाहणाऱ्याने प्रथम तो ठोकळाच पाहावा."