गोमंतकातील जुनी दप्तरे आणि कुळांचा शोध

श्राद्धकर्माच्या वेळी पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारण्याचा आपला परिपाठ आहे. त्यापलीकडचे पूर्वज गोत्र आणि कुलदैवत या दोन आधारांवरच स्मरणात राहतात. एखादा वृद्ध कुटुंबप्रमुख चौथ्या किंवा पाचव्या पुरुषाचे नाव सांगू शकतो. परंतु तो निवर्तला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. मौखिक स्मृती जेथे संपते तेथून पुढे कुळाचा शोध घ्यावयाचा तर लेखी कागदांवाचून दुसरा मार्ग नाही. आपल्या मठाच्या शिष्यवर्गातील पुष्कळ घराणी मूळची गोमंतकातील असून ती कारवार, बेळगाव, मंगळूर आणि थेट कोचीनपर्यंत पसरली. म्हणून गोमंतकातील जुन्या दप्तरांचे काय झाले आणि पुढे काय व्हावे, हा प्रश्न आपल्या घरचाच प्रश्न होय.

गोमंतकात लेखनाची परंपरा परकी सत्ता येण्यापूर्वीपासून होती. गावची जमीन गावकऱ्यांच्या संस्थेकडे सामायिक असे. तीच गावकारी, पुढे पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद हे नाव दिले. वांगडांनुसार गावकऱ्यांचे हक्क, शेतांचे लिलाव, देवालयाचा खर्च आणि सरकारचा धारा या सर्वांची नोंद गावचा लेखक ठेवी. हे लेखन गोयकानडी, म्हणजेच कंदवी, लिपीत होत असे. पोर्तुगीज महसुली अधिकारी आफोंसु मेशिया याने १५२६ साली तिसवाडीतील गावांचे रूढ आचार एकत्र करून त्यांची सनद तयार केली. त्या सनदेत गावकऱ्यांचे अधिकार आणि वारसाचे नियम आढळतात. करवसुलीच्या सोयीसाठी केलेले ते काम आज गावसंस्थेच्या इतिहासाचे एक मूलसाधन झाले आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्यास जो प्रलय ओढवला त्याची कथा प्रत्येक भाविकास ठाऊक आहे. तिसवाडीतील देवालये १५४० च्या सुमारास पाडली गेली आणि १५४१ मध्ये त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. पुढे साष्टी आणि बारदेश या प्रांतांवरही तीच पाळी आली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, रामनाथ लोटलीहून बांदिवड्यास आणि कामाक्षी रायहून शिरोड्यास गेली. अंत्रुज महाल त्या वेळी आदिलशाहीत असल्यामुळे तेथे देवांना आश्रय मिळाला. देवांबरोबर कुळेही निघाली. कित्येकांनी खाडी ओलांडून थांबावयाचे ठरविले, तर कित्येक दक्षिणेकडे समुद्रकाठाने पुढे गेले.

येथे इतिहासाची एक विलक्षण गती दिसून येते. पाडलेल्या देवालयांच्या जमिनी ताब्यात घेतल्यावर त्यांचा हिशोब ठेवणे नव्या सत्तेस भाग पडले. त्यासाठी गावोगावच्या जमिनींच्या याद्या झाल्या. कोणते शेत कोणत्या देवाचे, कोणते वाजंत्र्याच्या वेतनाचे, कोणते परिटाच्या सेवेचे, हे त्यांत उतरविले गेले. फ्रांसिस्कु पाइश या हिशेबखात्याच्या प्रमुखाने १५९५ साली गोवे बेट, साष्टी व बारदेश यांच्या जमिनींचा असा एक बृहत् ग्रंथ सिद्ध केला. ज्या देवालयांची शिळाही आज मूळ जागी उरलेली नाही, त्यांची नावे अशा याद्यांमुळेच आपणांस कळतात. रुई गोमिश पेरैरा यांनी हिंदू देवालये व देवता यांवरील आपला ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा अशा जुन्या नोंदींचाच त्यांना आधार मिळाला. हिरावून घेणाऱ्याच्या वहीत हिरावलेल्याचा पुरावा राहिला. दप्तर कोणी व कोणत्या हेतूने लिहिले यापेक्षा ते टिकले की नाही आणि कोणी वाचले की नाही, यावर त्याचे मोल ठरते.

त्याच १५९५ साली फिलिप राजाच्या आज्ञेने गोव्यात अभिलेखागार स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु दु कौतु याची त्यावर नेमणूक झाली. लिस्बन आणि गोवा यांच्यामधील पत्रव्यवहार पावसाळी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या जहाजांतून चाले. म्हणून त्या कागदांच्या खंडांना मोसमी वाऱ्यांचेच नाव मिळाले. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे खंड निराळे ठेवले गेले. मराठ्यांच्या इतिहासासाठी ते अमोल ठरले आहेत. मात्र संग्रह असणे आणि संग्रह सुरक्षित असणे यांत अंतर आहे. मोसमी खंडांपैकी ६२ खंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनला रवाना झाले. इन्क्विझिशनचे न्यायासन १८१२ साली बंद झाले, त्यानंतर त्याची बहुतेक कागदपत्रे जाळून टाकण्यात आली. ज्या घराण्यांच्या माणसांनी त्या न्यायासनासमोर यातना भोगल्या, त्यांच्या कैफियती त्या अग्नीत गेल्या.

तरीही सर्वच गेले नाही. जुवांव देल्गादु फिगैरा या त्याच न्यायासनाच्या अधिकाऱ्याने १६२३ साली तोपर्यंतच्या सुमारे ३,८०० प्रकरणांची सूची तयार केली होती. ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सुरक्षित आहे. मूळ कागद भस्मसात झाले, परंतु सूचीमुळे शेकडो माणसांची नावे आणि त्यांच्यावरील आरोप आजही वाचता येतात. ज्यांना सूची करणे हे कारकुनी आणि नीरस काम वाटते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

विसाव्या शतकात हे काम एका गोमंतकीयाने हाती घेतले, ही अभिमानाची गोष्ट होय. सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावी १८९४ साली जन्मलेले पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर यांनी १९३० नंतरची तीन दशके गोव्याच्या अभिलेखागाराच्या सेवेत वेचली. त्यांनी दप्तरांचे वर्गीकरण केले, राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड १९५३ ते १९५७ या काळात संपादित केले आणि १९५५ साली पोर्तुगीज भारतातील अभिलेखागारांचा मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रांसिस्कु पाइशचा उपर्युक्त भूमिग्रंथही त्यांनीच टिपांसह छापून आणला. त्याच दशकात या संग्रहातील पुष्कळ कागदांची सूक्ष्मचित्रफीत घेण्याचे कामही सुरू झाले. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर हा ठेवा भारतीय प्रशासनाकडे आला आणि पणजीस तो पुराभिलेख खात्याच्या स्वाधीन आहे. पिसुर्लेकर १९६९ साली निवर्तले. परंतु आजचा अभ्यासक संग्रहात पाऊल टाकतो तो त्यांनी आखलेल्या वाटेनेच.

राजकीय इतिहासाचे अभ्यासक राजांची आणि तहांची पत्रे पाहतात. कुळाचा शोध घेणाऱ्यास मात्र तालुक्याची आणि गावाची दप्तरे अधिक उपयोगाची. पहिले साधन गावकारीच्या वह्या. गावच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी वयात आलेल्या पुरुषाचे नाव बापाच्या नावासह दाखल होत असे. त्यामुळे एकेका वांगडाची पिढीमागून पिढी तेथे सापडते. दुसरे साधन देवस्थानांची महाजनपत्रके. देवस्थानांच्या कारभाराचे नियम १९३३ साली बांधले गेले आणि महाजनांची नोंद ठेवणे त्यांत आवश्यक ठरले. तिसरे साधन मुलकी नोंदणी. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर जन्म, विवाह व मृत्यू यांच्या मुलकी नोंदीची पद्धत तालुक्या-तालुक्यांत दृढ झाली.

चौथे साधन मालमत्तेच्या वाटणीची न्यायालयीन प्रकरणे. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. माणूस मरण पावल्यावर त्याच्या स्थावरजंगमाची मोजदाद होई आणि सर्व वारसांची नावे लिहिली जात. त्या कायद्याने पत्नीस व कन्यांसही हक्क दिल्यामुळे त्यांची नावेही कागदावर येत. आपल्या वंशवृक्षांतून स्त्रिया बहुधा गळालेल्या असतात. आजीचे माहेर कोणते, आत्या कोणत्या घरी दिली, हे छापील कुलवृत्तांत सांगत नाहीत. त्याचे उत्तर कित्येकदा अशा वाटणीपत्रांत मिळते.

या शोधात वाचकास नावांचे रूपांतर ध्यानी घ्यावे लागते. पोर्तुगीज लेखकाने शेणवी हे सिनाय असे लिहिले, कामतांचे कामोतीं झाले, प्रभूंचे पोरोबो झाले. कुठ्ठाळीचे कोर्तालीं आणि साष्टीचे साल्सेत झाले. ‘श’ हा ध्वनी पोर्तुगीज लेखक अशा अक्षराने दाखवितात, की इंग्रजी शिकलेला माणूस ते ‘क्स’ असे वाचतो आणि स्वतःच्याच आजोबांचे नाव ओळखू शकत नाही. धर्मांतरानंतर नावे तर समूळ बदलली. सोळाव्या शतकाच्या गावकारीत हिंदू नावे आणि नवी ख्रिस्ती नावे शेजारी शेजारी आढळतात. एकाच वांगडाच्या दोन शाखा एकाच पानावर उभ्या असतात. स्वतःच्या कुळाचा शोध घेता घेता शेजाऱ्याशी असलेले नाते उलगडते, हा या दप्तरांचा मोठा उपकार म्हटला पाहिजे.

आता या ठेव्यावरील संकटांकडे वळू. पहिले संकट निसर्गाचे. गोमंतकाच्या दमट हवेत कागदास बुरशी येते, वाळवी आणि कसर त्याची चाळण करतात. लोहयुक्त शाई वापरलेली असेल तर ती शाईच कालांतराने कागद खाते आणि अक्षराच्या जागी भोक उरते. अशा पानास तज्ज्ञाच्या हातानेच आम्लनिवारण व पातळ कागदाचे अस्तर द्यावे लागते. घरी चिकटपट्टी लावून दुरुस्त केलेला कागद दुप्पट वेगाने नासतो.

दुसरे संकट अधिक सूक्ष्म आहे. कागद टिकला, परंतु वाचणारा उरला नाही, तर काय? गोयकानडी लिपी व्यवहारातून केव्हाच लुप्त झाली. ती वाचणारे आज विरळा. नव्या काबिजादीतील घराण्यांचे मोडी कागद वाचणारेही थोडेच. पोर्तुगीज भाषेत शिक्षण घेतलेली १९६१ पूर्वीची पिढी आता वार्धक्यात आहे, आणि जुने वळणदार हस्ताक्षर वाचणे हे तर निराळेच कसब. एका पेटीस तीन कुलुपे आणि तिन्हींच्या किल्ल्या हरवत चाललेल्या, अशी ही अवस्था आहे.

तिसरे संकट जतन आणि उपयोग यांतील विरोधाचे. जिज्ञासूंची संख्या वाढली की मूळ वह्या हाताळून झिजतात. १९६१ पूर्वीचा जन्म दाखवून पोर्तुगीज नागरिकत्व मागणाऱ्यांमुळे गेल्या काही दशकांत जुन्या जन्मनोंदींना मागणीही पुष्कळ आली. म्हणून कोणी म्हणेल की दप्तरे कुलूपबंद ठेवावीत. परंतु जे दप्तर कोणासही पाहता येत नाही त्याच्या रक्षणासाठी पैसा कोण देणार? मूळ प्रत सुरक्षित ठेवावी, तिची छायाप्रत वाचकापुढे ठेवावी आणि त्या दोहोंना जोडणारी नाववार व गाववार सूची करावी, हाच यातील मध्यम मार्ग होय. यंत्रांनी छायाप्रती काढणे आज सुलभ झाले आहे. तथापि सूचीवाचून हजारो छायाचित्रे म्हणजे निर्नावांचे अरण्यच. जिवंत माणसांच्या खाजगी गोष्टींबाबत मात्र मर्यादा पाळली पाहिजे. दत्तकविधान किंवा कौटुंबिक तंटे यांचे कागद उघड करण्यास काळाचे अंतर जावे लागते.

या कामी शिष्यवर्ग काय करू शकेल? प्रत्येक घरी माळ्यावर एखादी पेटी असते: जुने दानपत्र, सोयरिकीच्या याद्या, मठास दिलेल्या वर्गणीच्या पावत्या, देवस्थानच्या महाजनकीचे कागद. घर मोडून नवे बांधताना ही पेटी प्रथम रद्दीत जाते. तसे न करता तिच्या प्रती मठाच्या दप्तरी द्याव्यात, वर गावाचे व देणाऱ्या घराण्याचे नाव लिहावे, आणि मूळ कागद कोठे आहे ते नमूद करावे. घरातील वृद्धांस मूळ गाव, कुलदैवत आणि आजी-पणजीची माहेरे विचारून ती तारखेसह लिहून ठेवावीत. कुळांतील तरुणांपैकी दोघाचौघांनी तरी मोडी, गोयकानडी किंवा पोर्तुगीज हस्तलेखन यांपैकी एक विद्या संपादावी. मठाने त्यांच्या अध्ययनास शिष्यवृत्ती दिल्यास तो खर्च विद्यादानाच्या परंपरेस साजेसाच होईल.

आपल्या पूर्वजांनी देव पालखीत घालून रातोरात खाडी पार केली. त्या वेळी वह्या बरोबर घेणे बहुतेकांस शक्य झाले नाही. त्या मागेच राहिल्या, आणि त्यांतील ज्या उरल्या त्या आज पणजीच्या दप्तरखान्यात व तालुक्यांच्या कचेऱ्यांत आहेत. देवांची स्थापना आपण पुन्हा केली. मागे राहिलेल्या अक्षरांची ओळख पुन्हा करून घेण्याचे कार्य आपल्या पिढीच्या वाट्यास आले आहे, आणि ते वाचू शकणारे जाणते जोवर आपल्यांत आहेत तोवरच ते आरंभिले पाहिजे.