सूक्ष्म वृक्षवासी आमरी : रानातील शोध

सूक्ष्म वृक्षवासी आमरी : ऑर्किडेसी कुलातील, झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या, बोटभर किंवा त्याहूनही लहान वनस्पती. महाराष्ट्रात त्यांचे खरे माहेर म्हणजे सह्याद्रीतील पावसाची राने : आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर, भीमाशंकर. जालना जिल्ह्यातील अंकुशनगरसारख्या कमी पावसाच्या, उसाच्या टापूत त्या सापडण्याची आशा धरू नये. अशा कोरड्या भागांत जुन्या आंब्या-बाभळींवर पाहावी ती रास्ना. ती आमरीच, पण चांगली मोठी आणि उन्हाला टिकणारी.

आमरी झाडाचा रस शोषत नाही. बांडगुळाची मुळे यजमान झाडाच्या फांदीत घुसतात. आमरीची मुळे सालीला नुसती चिकटतात. त्यांच्यावरचे पांढुरके, सच्छिद्र आवरण पाऊस-धुक्यातले पाणी टिपून घेते. हा फरक ठाऊक नसल्याने बागांमधून आमरीही बांडगूळ समजून छाटली जाते, ही मोठी हानी आहे. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. त्यामुळे जुनी, खडबडीत सालीची झाडे तोडून तेथे नवी रोपे लावली, तरी ती आमरींच्या उपयोगी पडायला फार काळ जावा लागतो.

शोध घेताना नजर फुलावर नव्हे, सालीवर ठेवावी. आंबा, जांभूळ, ऐन, अंजनी यांच्या फांद्यांवर शेवाळ, दगडफूल आणि बाशिंग नावाचे नेचे जेथे दाटलेले असते, तेथे आधी पाहावे. पोर्पॅक्स वंशातील आमरीचे चपटे, गोल गड्डे सालीला बटणांसारखे चिकटलेले असतात. त्यांच्यावर तंतूंची जाळी असते आणि पावसाळ्यात त्यांतून तपकिरी-लाल, नळीसारखे फूल येते. बाहेरची तीन दले जुळून ही नळी होते. फूल नसताना हे गड्डे सालीवरचे खवले वाटतात आणि माणूस सहज पुढे निघून जातो.

ओबेरोनियाची ओळख पानांवरून पटते. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, मांसल पाने एकमेकांत बसून लहानसा पंखा तयार होतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या बारीक तुऱ्यावर शेकडो फुले दाटीने लागतात आणि एकेक फूल जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे असते. फुलाच्या ओठाच्या, म्हणजे वेगळ्या घडणीच्या पाकळीच्या, कडेवरील झालर आणि खाचा पाहिल्याशिवाय जात ठरत नाही; म्हणून दहापट मोठे दाखवणारे हातभिंग जवळ हवेच. बऱ्याच जातींत तुरा टोकाकडून खाली उमलत येतो. नुसत्या पानांवरून जातीचे नाव लिहिण्याची घाई अनेकांना होते, ती टाळावी.

सगळ्याच लहान आमरी पावसाळ्यात फुलत नाहीत. डेंड्रोबियम वंशातील काही जाती पावसानंतर पाने गाळतात आणि हिवाळ्यात उघड्या दांड्यांवर पांढरी-गुलाबी फुले धरतात. एकाच वाटेने दोन्ही ऋतूंत फिरल्याखेरीज त्या रानाची यादी पुरी होत नाही.

वादळानंतर वाटेवर पडलेल्या फांद्या अवश्य तपासाव्यात, कारण उंच शेंड्यावरच्या जाती अशाच डोळ्यांसमोर येतात. उभ्या झाडासाठी दुर्बीण वापरावी. फांदीला हात घालण्याआधी नीट पाहून घ्यावे; सह्याद्रीत अशाच ओल्या फांद्यांवर चापडा हा विषारी सापही बसलेला असू शकतो.

या प्रदेशातील आमरींची जुनी शास्त्रीय नोंद डाल्झेल व गिब्सन यांच्या 1861 मधील ‘बॉम्बे फ्लोरा’त आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील सांतापाव आणि कापडिया यांचा ‘ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ 1966 मध्ये निघाला. 1974 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सल्डाना यांनी स्मिथसोनिया हा वंश मांडला. त्याच्या लहानखुऱ्या जाती पश्चिम घाटातल्याच आहेत.

सापडलेली आमरी उपटून घरी आणू नये. कुंडीत तिला सोबतीची बुरशी, सालीची घडण आणि डोंगरातले धुके मिळत नाही, आणि बहुतेक वेळा ती मरते. मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्र घ्यावे आणि झाडाची जात, उंची व तारीख टिपावी. नेमके ठिकाण मात्र चारचौघांत सांगू नये. अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती काढणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे आणि सर्व आमरींचा परदेशी व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित आहे.